तेवीस नंबरचा तळ

मित्रांनो, मी एक जुना खडक आहे, असं चौदा वर्षं सगळे म्हणत होते. कोणी आपल्याला सारखं मोठं म्हणत असेल, तर "छे हो, मी कुठला मोठा" असं सांगायला मन मोठं लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून मीही स्वतःला खडकच म्हणवून घेत होतो. आज मात्र खरं काय ते सांगून टाकतो. मी काँक्रीटचा तुकडा आहे.

माझा जन्म लाखो वर्षांपूर्वी वगैरे झाला नाही. एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी झाला. विद्यापीठातल्या उपयोजित भूविज्ञान विभागाच्या मागच्या दाराला पायरी हवी होती. कामगारांनी नदीतले गोल गोटे, वाळू, सिमेंट आणि पाणी कालवलं, फळ्यांच्या साच्यात ओतलं आणि ते डबे उघडून बसले. घाईत पाणी थोडं जास्त झालं होतं. हे मला पुढे फार अपमानास्पद रीतीने कळलं.

पायरी म्हणून माझं बरं चाललं होतं. मग एक दिवस दगड कापायचं नवं यंत्र मागच्या दाराने आत नेताना पायरीवर आदळलं आणि पायरीचा कोपरा तुटला. तो कोपरा म्हणजे मी. भाऊंनी मला उचललं. भाऊ म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. दगड पुसणं, मांडणं, त्यांच्यावर नंबर घालणं आणि परीक्षेत घंटा वाजवणं ही त्यांची कामं. प्रयोगशाळेचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्यांनी मला दाराला लावून ठेवलं. तिथेही मी खूश होतो. येणारेजाणारे माझ्यावर ठेचकाळायचे आणि दोन शब्द बोलून जायचे. ते शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत.

आमच्या विभागात प्रात्यक्षिक परीक्षा कशी होते ते सांगतो. लांब टेबलावर तीस दगड मांडतात. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईने नंबर. विद्यार्थ्याने दगड उचलायचा, भिंगातून बघायचा, आम्लाचा थेंब टाकायचा आणि ओळखायचा. घंटा झाली की पुढचा दगड. काही मुलं तर दगड चाटून बघतात, दातांनी कुरतडतात. कण किती बारीक आहेत हे त्यावरून कळतं म्हणे. या शिक्षणाला घरून विरोध का होतो, हे मला तेव्हा समजलं.

एका वर्षी परीक्षेला अर्धा तास असताना भाऊंच्या हातून तेवीस नंबर पडला आणि त्याचा भुगा झाला. तो पिंडाश्म होता. म्हणजे नदीकाठचे गोटे गाळात घट्ट बसून, लाखो वर्षांनी तयार झालेला खडक. भाऊंच्या पाचावर धारण बसली, कारण विभागप्रमुख हेडसर फार कडक. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. दारात मी होतो, गोल गोट्यांनी भरलेला. त्यांनी मला धुतलं, माझी सपाट बाजू खाली ठेवली, वरच्या बाजूला ठिपका लावला आणि पुटपुटले, "आजच्या दिवसापुरता सांभाळ रे बाबा."

हेडसर आले. माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, झालं, आता मी खिडकीबाहेर. पण त्यांनी भिंग काढलं आणि म्हणाले, "वा! काय गोलाई आहे या गोट्यांची! भाऊ, हा इतका सुंदर आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

भाऊ काही बोलले नाहीत. मीही नाही. दगडाला ते सोपं जातं.

त्यानंतर मी पार हवेत गेलो. हेडसरांनी प्रयोगवहीत माझं चित्र छापलं. खाली मजकूर होता, 'तेवीस क्रमांकाच्या नमुन्यातील गोट्यांवरून एका विशाल, वेगवान, पुरातन नदीचे अनुमान निघते.' आम्ल टाकलं की मी फसफसायचो. त्यावर त्यांनी लिहिलं, 'गोटे चुन्याने बांधलेले आहेत.' बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचं निम्मं लक्ष गाडीच्या वेळेकडे असायचं, त्यामुळे तेही माना डोलवायचे. बावीस नंबरचा ग्रॅनाइट तेवढा माझ्या शेजारी गप्प बसून असायचा. तो खरोखरचा जुना. त्याच्याशी मी कधी नजर मिळवली नाही.

माझ्यासमोरून मुलांच्या तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. त्यांचे नातेवाईक विचारायचे, "दगडं ओळखून पोट भरतं का?" म्हणून हेडसरांनी दाराबाहेर फळाच लावला होता. जुने विद्यार्थी कुठे कुठे गेले त्याची यादी. कोणी खाणीत होतं, कोणी बोगद्याच्या कामावर. कोणी गावोगाव हिंडून पाणी कुठे लागेल ते सांगत होतं, कोणी दरडी कोसळण्याआधी डोंगर तपासत होतं. यादीतल्या प्रत्येकाने एकदा तरी मला 'पिंडाश्म' म्हटलं होतं. हे आठवलं की बोगद्यांची काळजी वाटायची.

मग अकरा नंबरची मुलगी आली. परीक्षा क्रमांक अकरा, म्हणून भाऊ तिला 'अकरा' म्हणायचे. तिचे बाबा गवंडी. शाळेच्या सुट्ट्या तिने त्यांच्याबरोबर वाळूच्या ढिगावर काढलेल्या. परीक्षेत तिने मला उचललं, जरा हसली आणि लिहिलं, 'काँक्रीट'. एवढंच. तो एक शब्द.

हेडसर लालबुंद झाले. "परीक्षेची थट्टा करतेस?" म्हणून त्यांनी तिला भोपळा दिला. दोन गुणांनी ती प्रात्यक्षिकात नापास झाली. तिचं वर्ष गेलं. चौदा वर्षांत मला स्वतःची लाज वाटली ती त्या दिवशी.

पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली. या वेळी प्रश्न नुसत्या परीक्षेचा नव्हता. एका मोठ्या पुलाच्या कामावर तिची निवड झाली होती. जमिनीत भोकं पाडून जे दगड वर येतात ते तपासायचं काम. पण पदवी हातात असली तरच. आणि पदवी अडली होती या एका परीक्षेवर.

त्या सकाळी भाऊंनी मला गुपचूप कपाटात लपवायचा बेत केला. हेडसरांनी दारातूनच आवाज दिला, "भाऊ, माझा तेवीस कुठाय?" मी परत टेबलावर. मग भाऊ तिच्याजवळ गेले.

"पोरी, ऐक माझं. पिंडाश्म लिही आणि मोकळी हो. तुझी नोकरी वाट बघतेय."

"भाऊ, पण तो पिंडाश्म नाहीये हो."

"मला माहीत आहे गं! मीच तर..." भाऊंनी वाक्य गिळलं आणि घंटा पुसायला घेतली. ती आधीच लखलखीत होती.

तिची पाळी आली. बावीस झाला, घंटा वाजली. तिने मला हातात घेतलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, लिही पिंडाश्म, मी कोणाला सांगणार नाही! तिने पेन टेकवलं, उचललं. आणि मग चौदा वर्षांत कोणीच केली नव्हती ती गोष्ट तिने केली. मला उलटं केलं.

बराच वेळ ती बघत राहिली. मग भराभर लिहू लागली.

त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई अनेक वर्षं बोगद्यांवर काम केलेल्या होत्या. त्यांनी तिचा कागद मोठ्याने वाचला. "काँक्रीट. कारणं. मधे हवेच्या बुडबुड्यांची भोकं आहेत, ती गाळाच्या खडकात अशी नसतात. एक बाजू सपाट असून तिच्यावर लाकडी फळीच्या रेषा उमटल्या आहेत. कडेला खिळ्याच्या डोक्याची खूण आहे. माल कालवताना पाणी जास्त झालं आहे. माझ्या बाबांनी हा माल वापरूच दिला नसता."

शेवटचं वाक्य मला लागलं. पण तिने लिहिलं होतं ते खरं होतं.

"पुन्हा तेच!" हेडसर उसळले.

"सर, याचा तळ कधी बघितलाय?" बाईंनी विचारलं.

"तळाशी काय बघायचं? नंबर वर आहे!"

बोलले आणि स्वतःच थबकले. हळूच त्यांनी मला उलटं केलं. भिंग लावलं. फळीच्या रेषांवरून बोट फिरवलं, खिळ्याच्या खुणेवर थांबवलं. माझी विशाल, वेगवान, पुरातन नदी त्या एका बोटाखाली आटून गेली.

"सर," भाऊ घंटा खाली ठेवून पुढे आले. "मागच्या पायरीचा कोपरा आहे तो. दाराला लावलेला होता. खरा तेवीस माझ्या हातून फुटला."

हेडसर स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. भाऊंवर ते ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मुलीकडे पाहिलं. "मागच्या वर्षी हे सगळं का नाही लिहिलंस?"

"मागच्या वर्षी नुसतं ओळखीचं वाटलं, म्हणून लिहिलं सर. या वर्षी उलटा करून बघितला."

"मी चौदा वर्षांत नाही बघितला," हेडसर म्हणाले. त्यांनी कागद ओढून घेतला, तेवीस नंबरला पूर्ण गुण दिले आणि ते हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

मुलगी पास झाली. भाऊ टेबलाखाली बसून रडले, वर घंटाही वाजवायची विसरले. मला त्यांनी कपाटाच्या मागे ठेवलं. आता माझी रवानगी कचऱ्यात, हे मी धरून चाललो होतो. धूळ खात पडलो होतो आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

काही महिन्यांनी हेडसर हातात पत्र घेऊन आले. पुलावरून तिने पाठवलेलं. त्यांनी ते नव्या मुलांना वाचून दाखवलं. नदीपात्रात एका खांबासाठी भोक पाडलं होतं. कठीण दगड लागला, सगळे म्हणाले, हाच तळाचा खडक, आता पाया घाला. हिने अडून बसून आणखी खाली जायला लावलं. तो नुसता एक मोठा गोटा निघाला. त्याच्याखाली मऊ चिखल होता. पाया मग चिखलाच्या पार खाली, खऱ्या खडकावर गेला. शेवटी तिने लिहिलं होतं, 'सगळे वरून बघत होते सर. मला तेवीस आठवला.'

हेडसरांनी चष्मा पुसला. मग भाऊंना सांगून मला बाहेर काढलं, धुतलं आणि पुन्हा बावीसच्या शेजारी ठेवलं. या वेळी मी ग्रॅनाइटकडे सरळ बघितलं.

तर मित्रांनो, मी अजून त्या टेबलावर आहे. नंबर वरच आहे. तळाला मात्र हेडसरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे. 'काँक्रीट. ओळखणारी : परीक्षा क्रमांक अकरा. चौदा वर्षं न ओळखणारा : विभागप्रमुख.' त्याच्याखाली भाऊंच्या वाकड्या अक्षरात एक ओळ आहे. 'आणून ठेवणारा : मी.'

उद्या तुम्ही भूविज्ञान शिकायला आलात, तर मला जरूर हातात घ्या. चाटू नका, एवढी कृपा करा. उलटा करा, चिठ्ठी वाचा, हवं तर हसा. फक्त टेबलावर ठेवताना मला पुन्हा सुलटा ठेवा. तुमच्यामागून कोणीतरी येणार आहे.