चालू स्थितीतला कॉम्प्युटर

साहेब, खोटं तुम्ही बोललात. नाव घेत नाही, कारण तुमच्या खुर्चीवर दर तीन वर्षांनी नवं बूड येतं आणि खोटं तेच राहतं. मेलेलं यंत्र तुम्ही कागदावर जिवंत ठेवलंत आणि जिवंत बाई त्याच्या दावणीला बांधलीत. कशी, ते ऐका.

निलंगा तालुक्यातल्या एका शाळेत चंद्रप्रभाबाई गणित शिकवायच्या. शहाऐंशी साली सरकारनं शाळेला एक कॉम्प्युटर दिला. खोक्यावर बीबीसी लिहिलेलं, म्हणून गावातले म्हातारे संध्याकाळी बातम्या ऐकायला यायचे. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, दसऱ्याला त्याला झेंडू आणि हळदकुंकू. ट्रेनिंगला बाई गेल्या होत्या, म्हणून यंत्र त्यांच्या नावावर चढलं. बाकीचे मास्तर त्याला लांबूनच नमस्कार करायचे. बाईंनी मात्र एकटीनं खटपट करून पाढे विचारणारा प्रोग्राम लिहिला आणि टेपच्या कॅसेटवर उतरवून घेतला. तेव्हा प्रोग्राम गाण्यांसारखे कॅसेटवरच ठेवत.

मग त्र्याण्णवची ती भूकंपाची पहाट. शाळेची भिंत यंत्रावर बसली. पंचनाम्याला आलेल्या कारकुनानं ढिगाऱ्यातून डोकावणारा पडदा बघितला आणि लिहिलं, 'टीव्ही, एक, फुटलेला.' गाव माणसं शोधत होतं. कारकुनाला कोण टोकणार?

अशा रीतीनं खात्याच्या लेखी शाळेला कधीच न मिळालेला टीव्ही फुटला, आणि कॉम्प्युटर धडधाकट राहिला.

सात वर्षं गेली. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. अशाच एका क्लासचे मालक आप्पासाहेब बाईंना म्हणाले, "बाई, सोडा ती नोकरी. एका हॉलात दोनशे पोरं, समदी फळ्याकडं बघणारी. पण जूनच्या आत या, न्हाईतर मी दुसरं माणूस बघतो."

फळ्याकडं बघणारी पोरं! बाईंचा निम्मा जन्म पोलिओच्या डोसात, जनगणनेत आणि मतपेट्यांत गेला होता. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा खरडला. खात्याचं उत्तर आलं: ताब्यातील संगणक चालू स्थितीत दाखवल्याखेरीज आपणास कार्यमुक्त करता येणार नाही.

बाई खात्यात गेल्या. "साहेब, तो भूकंपात गाडला गेला."

"पंचनाम्यात टीव्ही आहे."

"तो टीव्ही म्हणजेच कॉम्प्युटर, साहेब."

"असं? मग टीव्ही कुठंय?"

बाई पायऱ्या उतरल्या आणि सरळ नांदेडला फोन लावला. तिथं अंबरीश कॉम्प्युटर शिकवायचं दुकान चालवायचा. ट्रेनिंगला तो बाईंच्या शेजारी बसलेला.

"ताई, रडायलाव कशाला?" तो म्हणाला. "मी सध्या मेलेली यंत्रं उठवायचंच काम करायलोय. एम्युलेटर म्हणतात त्याला. नवा कॉम्प्युटर जुन्याचं सोंग घेतो. बहुरूपी फौजदार बनून येतो की न्हाई दारात? तसंच. फरक इतकाच, हा फौजदार खरोखर अटक करतो."

अंबरीश आपला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीनं आला. बाईंनी ट्रंकेच्या तळातून कॅसेट काढली. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि असा कर्कश आवाज सुटला की शेजारची सरजाबाई पिठाच्या हातानं धावत आली. "अवं बाई, मिक्सरात चमचा पडला का काय?"

दोनदा फसलं. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, इंग्रजी लिपीत मराठी: नाव सांगा. बाईंनी पदर डोळ्याला लावला. भिंतीखाली गेलेलं पोर परत हाक मारत होतं.

खोकं शाळेत मांडून बाईंनी खात्याला कळवलं, आणि तपासणीला साहेब आले. मागं शिपाई सिद्धेश्वर, हातात रंगाचा डबा आणि ब्रश.

"हा तर नवा दिसतो."

"वरून नवा, साहेब. आतला जुना," बाई म्हणाल्या.

"हं. चालवा."

पडद्यानं नाव विचारलं. साहेबांनी एका बोटानं टाकलं. पडद्यानं विचारलं, सतरा आठे? साहेब छताकडं बघत राहिले, मग एकशे सेहेचाळीस टाकलं.

साहेबांनी उत्तर अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. "चू-क. ओ-ण-वे व्हा."



"साहेब," सिद्धेश्वर अदबीनं म्हणाला, "खाली काही अंथरू का?"

"ते आठवीच्या पोरांसाठी लिहिलेलं आहे," बाई घाईनं म्हणाल्या.

पुढचं गणित, बारा पाचे, बरोबर आलं. शाबास, जागेवर बसा. साहेब नकळत खुर्चीतून अर्धे उठले होते. ते खरोखरच बसले.

"संगणक चालू आहे," ते म्हणाले. "चालू काय, आगाऊ आहे! सिद्धेश्वर, नंबर टाक."

ब्रश फिरला. अंबरीशच्या खोक्यावर हे एवढाले सरकारी आकडे उमटले.

"ओ साहेब! माझा हाय तो!"

"शासकीय मालमत्ता आहे. इथंच राहील."

अंबरीशनं खोक्याला मिठी मारली. त्याच्या शर्टावर नंबर उलटा उठला. आता खोकं ठेवलं तर मित्र लुटला जाणार. नेलं तर बाई इथंच सडणार. बाईंनी ड्रॉवरमधून फ्लॉपी काढली; अंबरीशनं ते सोंग आणि पाढे दोन्ही तिच्यावर उतरवून ठेवले होते.

"साहेब, तुमचा कॉम्प्युटर ह्याच्यावर आहे. घ्या आणि मला सोडा."

"ह्याच्यावर नंबर कुठं टाकायचा?"

"बारक्या ब्रशनं टाकतो की," सिद्धेश्वर म्हणाला.

"पाहिजे तितक्या काढून देतो," अंबरीश खोक्याआडून ओरडला. "शंभर घ्या!"

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे खात्याला न कळवता शंभर संगणक?"

तेव्हा बाईंनी वर्गातला आवाज काढला. "साहेब, उभे राहा. मघाशी तुम्हाला ओणवं व्हायला सांगणारा कोण होता? शाळेचा कॉम्प्युटर असेल, तर तो ह्या फ्लॉपीवर आहे, घ्या आणि मला आजच मोकळं करा. अंबरीशचा असेल, तर परक्याच्या मालावरचा नंबर पुसा आणि लिहून द्या की आमचा सात वर्षांपूर्वी भिंतीखाली मेला. दोन्हींतलं एक बोला."

साहेब उभे राहिले. घाम पुसला. "वरून विचारून कळवतो," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

साहेब, मे संपत आला. अंबरीश खोकं सोडत नाही, शाळेच्या ओसरीवरच जेवतो. लातुरात पोरं फळ्याकडं तोंड करून बसायच्या बेतात आहेत आणि बाई पिशवी भरून दारात उभ्या आहेत. सतरा आठे किती, ते राहू द्या. बाईंना कधी सोडता, तेवढं सांगा. आणि तुमच्या वर कोण बसलाय, ज्याला विचारावं लागतं? त्यालाही आणा. दोघांनी मिळून उत्तर द्या.