लंडन रिटर्न मॅडम

नागपूरच्या महाल भागात साड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, मनोहररावांचा इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास होता. सरिता तिथे आठ महिन्यांपासून शिकवत होती. ती मूळची जवळच्याच खापा गावची, शिक्षण नागपुरात, इंग्रजीत एम. ए. आजवर ती सगळ्यात लांब गेली होती ती अमरावतीला, मावसबहिणीच्या लग्नाला. पण खाली रस्त्यावरच्या फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली ठळक लिहिलं होतं, 'लंडन रिटर्न सरिता मॅडम'.

तो फ्लेक्स तिच्या नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी लागला. ती तडक मनोहररावांकडे गेली होती.

"मॅडम, लोकं बोर्ड पाहून येतात आन् तुमचं शिकवणं पाहून टिकतात," ते शांतपणे म्हणाले. "आपण कोणाचं वाईट करून राहिलो काय?"

तिच्या मूळ गुणपत्रिका त्यांच्या कपाटात होत्या, वर्ष भरल्यावर परत मिळणार होत्या. सरिता गप्प बसली. पुढे मुलं लंडनबद्दल विचारायला लागली, तेव्हा आधी ती नुसती हसायची. मग 'छान शहर आहे' एवढं म्हणू लागली. आणि एक दिवस शोभाताईंनी तिथल्या थंडीचं विचारलं, तर ती सहज बोलून गेली, "फार नाही, एका स्वेटरवर भागतं."

शोभाताई पन्नाशीच्या, गल्लीतच राहणाऱ्या. त्यांची मुलगी नूपुर लंडनला होती आणि जानेवारीत तिचं बाळंतपण होतं. तिथल्या दवाखान्यात आपल्याला चार शब्द बोलता यावेत, म्हणून त्या क्लासला येत. पोरासोरांमध्ये पहिल्या बाकावर बसत आणि प्रत्येक शब्द देवनागरीत उतरवून घेत.

डिसेंबरातल्या एका शनिवारी फसवणुकीच्या शब्दांचा धडा होता. सरितानं फळ्यावर फेक, फ्रॉड, ब्लफ, प्रिटेंड असे शब्द लिहिले. फेक वस्तू असते, फ्रॉड माणूसही असतो, हे समजावून झालं. मागून अश्विननं विचारलं, "मॅडम, आपण काही खोटं बोललोच नाही, पण समोरच्याचा गैरसमज होऊ दिला, तर कोणता शब्द?"

"मिसलीड," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. लिहिताना तिचा खडू तुटला.

मग प्रत्येकानं एकेक वाक्य करायचं होतं. शोभाताई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि सावकाश म्हणाल्या, "माय मॅडम डझ नॉट प्रिटेंड." मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरितालाही वाजवाव्या लागल्या.

क्लास सुटल्यावर शोभाताई थांबल्या. पिशवीतून त्यांनी एक पातळसा मरून स्वेटर काढला. "मॅडम, हे पाहा, तुम्ही सांगतलं तसंच घेतलं. गरम कोट घेणार होती, तो राहूच देला."

सरितानं तो स्वेटर हातात घेतला. आरपार बोटं दिसत होती.

"शोभाताई, कोटच घ्या," ती म्हणाली. "मी लंडनला कधी गेले नाही. ते बोर्डावरचं खोटं आहे. मी तुम्हाला अंदाजानं सांगितलं होतं."

शोभाताईंनी स्वेटर परत घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला.

"आता काहून सांगतलं वं पोरी मले?" त्या अखेर म्हणाल्या. 'मॅडम' गेलं होतं. "जावई म्हणे, आईले कोणीबी गंडवते. मी म्हटलं, माझी मॅडम लंडनची आहे. उद्या तो व्हिडिओ कॉलवर तुझ्याशी बोलणार आहे. त्याले मी काय तोंड दाखवू?"

"मी त्यांना खरं सांगते. चूक माझी आहे."

"चूक तुझी, पण हसतील मले. तिथं सहा महिने त्याच्या घरात राहाचं आहे मले." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "कोट मी घेतो. तू मात्र त्याले काही सांगू नको."

रविवारी सकाळी सरिता शोभाताईंच्या घरी गेली. सुमंत, म्हणजे जावई, पडद्यावर अदबीनं हसला. सासूबाईंचं इंग्रजी कसं सुधारलं ते त्यानं सांगितलं, आभार मानले, आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही इथे कुठल्या भागात राहत होतात?"

सरितानं तोंड उघडलं. खरं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

"नदीजवळ राहत होत्या त्या," शेजारून शोभाताई म्हणाल्या. मग सरिताकडे न बघता विचारलं, "हो न मॅडम?"

"हो," सरिता म्हणाली.

आठवड्याभरात शोभाताई नवा जाड कोट घेऊन विमानात बसल्या. जाताना त्यांनी क्लासला पेढे पाठवले, स्वतः आल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी पहिल्या बाकावर दोन नवी मुलं बसली होती, मोहित आणि रितिका. दोघं सुमंतची चुलत भावंडं, त्याच्याच सांगण्यावरून आलेली. मनोहरराव खुशीत होते. सीताबर्डीच्या चौकात आणखी मोठा फ्लेक्स लावायचा त्यांचा विचार होता. फोटोग्राफर चार वाजता येणार होता.

"मॅडम, तुम्ही तिथं किती वर्षं होता?" रितिकानं वही उघडत विचारलं.

सरितानं दाराकडे पाहिलं. दारात मनोहरराव उभे होते.

"दोन," ती म्हणाली.

रितिकानं ते लिहून घेतलं.