जास्तीचा गोंद

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. पोटात गोंद आहे, पण तोंड सुकून दगड झालंय. एका छोट्या गॅरेजच्या फळीवर मी आडवी पडून असते.

इंजिनाचे दोन लोखंडी भाग जोडताना, तेल झिरपू नये म्हणून मध्ये जाड कागदासारखं गॅस्केट ठेवतात. नवी होते तेव्हा मला वाटायचं, माझ्यावाचून ते बसणारच नाही! पण इथले म्हातारे मिस्तरी मला क्वचितच हात लावायचे. "कड साफ आहे, गॅस्केट नवं आहे, मग गोंद कशाला?" असं ते आपल्या मुलीला शिकवायचे. उभ्या झाकणावरून गॅस्केट घसरत असेल, तरच माझे दोन ठिपके. तेवढ्यावर माझी बोळवण व्हायची आणि मी मनातून जळायचे.

पुढे मिस्तरींचे हात थरथरू लागले. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. एका दुपारी टेम्पोच्या इंजिनाचं उभं झाकण बसवताना गॅस्केट तीनदा खाली पडलं. मुलगी दहा पावलांवर काम करत होती. मिस्तरींनी तिच्याकडे पाहिलं, पण हाक मारली नाही. त्यांनी मला उचललं आणि सगळ्या कडेवर भरपूर पिळलं. मी तर हरखून गेले.

महिन्याभरात टेम्पो भर रस्त्यात बंद पडला. मुलीने इंजिन उघडलं. माझा जास्तीचा गोंद आत सरकून वाळला होता आणि त्याचा तुकडा तेलाच्या वाटेत अडकला होता. तेलावाचून इंजिन जाम झालं होतं.

"बाबा, एवढा गोंद कुणी लावला?"

"मीच. हात ऐकत नाहीत गं आता."

"मग मला हाक मारायची ना! मी धरलं असतं."

मिस्तरींनी हातातला पाना पुसला आणि तिला देऊन टाकला.

तेव्हापासून ते दाराशी खुर्ची टाकून बसतात. मुलगी अधूनमधून म्हणते, "बाबा, जरा हे धरा ना." ते म्हणतात, "नको, तूच कर." ते ऐकून मला रडू येतं.

मित्रांनो, गरज असेल तिथे मला जरूर वापरा, पण बेताने. आणि आपल्या माणसाचे हात थरथरताना दिसले, तर त्याच्या हाकेची वाट पाहू नका. त्या दुपारी मुलीने गॅस्केट पडताना पाहिलं होतं, तिन्ही वेळा. बाबांना कमीपणा वाटेल म्हणून ती मान खाली घालून काम करत राहिली. हे तिने त्यांना अजून सांगितलेलं नाही.