स्वल्पविरामानंतरची जागा

छापखाना बंद पडला, तेव्हा या वयात मुद्रितशोधक बाईला कोण नोकरी देणार, यावर घरात एकमत झालं होतं. एरवी आमच्या घरात आमटीच्या मिठावरही एकमत होत नाही. फक्त माझ्या भाचीने तिच्या कार्यालयात माझ्यासाठी शब्द टाकला. तिथे समुद्राची मोजमापं ठेवतात. महिनाभर शिकायचं, मग परीक्षा. जमलं तर नोकरी, नाही तर घर. आज ती परीक्षा होती.

काम सांगायला सोपं. समुद्रात तरंगणाऱ्या यंत्राकडून रोज एक भलीमोठी फाईल येते. लाटा, वारा, प्रवाह, सगळं त्यात कोंबलेलं. कालवं पाळणाऱ्यांना त्यातलं तापमान आणि खारटपणा एवढंच हवं असतं. ते वेगळं काढायला संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: आधी ते काढून देणाऱ्या प्रोग्रामचं नाव, मग छोटी रेघ आणि इंग्रजी व्ही, मग हवी ती नावं स्वल्पविराम देऊन, आणि शेवटी फाईलचं नाव. तापमानाचं तिथलं नाव टेम्प, खारटपणाचं सॅल. आजवर मी एका वेळी एकच नाव काढलं होतं. दोन एकदम काढायची पहिलीच वेळ.

"आज मावशींना काही सांगायचं नाही," कार्यालयाच्या प्रमुखांनी भाचीला बजावलं आणि खुर्ची ओढून ते माझ्यामागे बसले. भाची शेजारच्या टेबलाशी जाऊन बसली.

मी ओळ लिहिली. उत्तर आलं, ‘सॅल नावाची फाईल सापडत नाही.’

अरे मेल्या, फाईल मागितली कुणी? मी खारटपणा मागतेय! एकेक अक्षर तपासलं. सगळं शुद्ध. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. कान तापले. मागे प्रमुखांनी घसा खाकरला, आणि मला खरंच भीती वाटली. माझ्यापायी भाचीचं नाक कापलं जाणार होतं.

डोळे थकले की छापखान्यात आम्ही मजकूर मोठ्याने वाचायचो, चिन्हांसकट. लाज गुंडाळून ठेवली, पडद्यावर बोट टेकवलं आणि सुरू केलं, "रेघ, व्ही. जागा. टेम्प. स्वल्पविराम. जागा. सॅल..."

जागा!

स्वल्पविरामानंतर जागा सोडायची, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. ती विसरणाऱ्यांवर मी जन्मभर डाफरले. आणि इथे शिकवताना दिलेल्या नमुन्याच्या सगळ्या ओळींत नावं एकमेकांना चिकटलेली होती. मला ती छपाईची चूक वाटली होती. शुद्ध असलेलं अशुद्ध करायला बोट धजेना. मनाशी म्हटलं, बाई, तुझं व्याकरण घरी, याचं इथे. आणि जागा खोडली.

या खेपेला तक्रार आली नाही. नवी छोटी फाईल तयार झाली. उघडली, तर आत तापमान आणि खारटपणा.

भाचीचं तोंड सुटलं एकदाचं. "मावशी, जागा दिसली की त्याला वाटतं नावं संपली. पुढचं सगळं फाईलचं नाव!"

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. मी श्वास घ्यायला थांबले की त्यांना वाटतं, माझं बोलून झालं."

भाची फसकन हसली. प्रमुख मात्र हसले नाहीत. त्यांनी फाईल खालपर्यंत तपासली, आकडे मूळ फाईलशी ताडून पाहिले. मी खुर्ची सोडून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाजूला उभी.

"कालवंवाल्यांना पाठवून द्या," ते उठत म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि उद्या वारासुद्धा काढा. बोटवाले मागतायत."

भाचीने माझा हात घट्ट धरला. मला पटकन कळेना, कशासाठी. मग कळलं. ते ‘उद्या’ म्हणाले होते.

"काढते, सर," मी म्हटलं. तिथे रडले नाही. मी रडले ती घरी जाऊन, सगळ्यांच्या समोर.