वारा कुठे जातो?

मासिलामणींची गाडी बावीस वर्षांची झाली होती आणि म्हातारपणाच्या सगळ्या तक्रारी करून बसली होती. स्टिअरिंग जड, मागची काच अर्ध्यावर अडकलेली, क्लचची कुरकुर तर शेजाऱ्यांच्याही कानांवर जायची. त्याला मासिलामणी सरावले होते. पण दोन वर्षांपासून ती तापायला लागली, तिथे मात्र त्यांची मती गुंग झाली.

शुक्रवारी नागरकोइलला लेकीला, कयलला, डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायच्या होत्या आणि तिला बाळंतपणासाठी तिरुनेलवेलीला घरी आणायचं होतं. गेल्या खेपेला तिला आणतानाच ही बया भर उन्हात रस्त्यात वाफ सोडत बसली होती. जावई हसून म्हणाला होता, "मामा, पुढच्या वेळी मीच टॅक्सी करून देतो." ते हसू मासिलामणींच्या जिव्हारी लागलं होतं.

"शुक्रवारपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर सरळ भंगारात!" त्यांनी गॅरेजमध्ये जाहीर केलं. बोलताना हात मात्र बोनेटवरून फिरत होता.

"थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर आतून धुतला," सेबास्तियन मेकॅनिक म्हणाला. "आता इंजिनच उघडावं लागेल, अण्णा. त्यापेक्षा विकून टाका."

मासिलामणींची बायको पूंगोडी स्टुलावर बसून भजी खात होती. तिला कशाचंही मूळ सापडल्याशिवाय चैन पडत नसे.

"काय रे, पुढचा पंखा फिरतोय ना?"

"फिरतोय की, अक्का. आवाज ऐका."

"मग वारा कुठे जातो?"

ती उठली आणि भज्यांचा कागद तिनं गाडीच्या तोंडासमोर धरून सोडला. कागद खाली पडला. शेजारच्या चालू गाडीसमोर तोच कागद सोडला, तर तो जाळीला जाऊन चिकटला.

सेबास्तियनच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. त्यानं एसीची जाळी सोडवून पुढे ओढली. तिच्या आणि रेडिएटरच्या मधे गोधडीएवढा जाड, तपकिरी थर बसला होता.

"उंदरांनी घर केलंय!"

पूंगोडीनं चिमूटभर उचलून वास घेतला. झेंडू होता. दोऱ्याचे तुकडेही होते. दर खंडेनवमीला, आयुधपूजेच्या दिवशी, बोनेटवर दंडाएवढा जाड हार तीच बांधायची. देवाला वाहिलेला हार हातानं काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, ही सासूबाईंची शिस्त. तो रस्त्यात गळतो, असंच सगळे समजत होते.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"उंदीर नाहीत रे," ती म्हणाली. "मीच ती."

मासिलामणींनी खांद्यावरचं उपरणं पसरलं आणि सगळा चुरा त्यात गोळा केला. "गटारात टाकू नकोस, ताम्रपर्णीत सोडू. बिचारी! आपणच तिचं नाक दाबलं आणि वर मीच तिला शिव्या घातल्या."

शुक्रवारी सकाळी पूंगोडी सवयीनं हार घेऊन बाहेर आली आणि बोनेटपाशी थबकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं मिळून मागे गेले.

नागरकोइलपर्यंत तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. जावयानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मामा, हार डिकीवर कसा?"

"पुढून तिला श्वास घ्यायचा असतो," मासिलामणी म्हणाले आणि त्यांनी लेकीसाठी दार उघडलं.