अत्तराच्या वासाची गाय

आवडाबाईच्या गोठ्यापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. लासूर स्टेशनच्या बाजाराला निघालेली माणसं परस्पर तिकडं वळली होती, कारण आवडाबाईच्या जर्सी गायीच्या अंगात देवी आली होती! आठ दिवसांपूर्वी व्यालेली गाय. चारा सोडला होता, भिंत चाटत होती, मधूनच हंबरत गरागरा फिरत होती. आणि कळस म्हणजे तिच्या तोंडाला अत्तराचा वास! बायका रांगेनं गायीचं तोंड हुंगत होत्या, पुरुष नारळ फोडत होते. मी त्या भागाचा ढोरांचा डॉक्टर. पाहून डोकं भणाणलं.

गव्हाणीशी गावचा देवऋषी पुंजारामबुवा मांडी घालून बसला होता. “ह्ये जनावर नाय, जगदंबा हाय! आईचा नऊ दिसांचा उपास हाय. पेंड नाय, सुई नाय. सुई टोचली तर गावातली समदी दुभती आटतील!”

गाव दुधावर जगणारं. कोण तोंड उघडणार?

आवडाबाई एकटी बाई, घर या एका गायीवर. मी तिला बाजूला घेतलं. “बाई, हा रोग आहे. गाभण गाय आटली की तुम्ही तिची पेंड बंद करता. दूध देत नाही, मग तिला कशाला, ही आपली रीत! व्याल्यावर दूध धो धो सुटतं, अंगात काही नसतं. मग ती स्वतःची चरबी जाळते. ती नीट जळायला साखर लागते, ब जीवनसत्त्वं लागतात. ती कमी पडली की अर्धवट जळलेल्या चरबीचा असा गोड वास सुटतो, आणि जनावर येड्यावानी करतं. शिरेतून ग्लुकोज देतो, ब जीवनसत्त्वाची ही लाल सुई देतो. दोन दिवसांत वैरणीला तोंड लावेल.”

कान लावून ऐकणारे लोक हसले. मग मी पिशवीतली तपासणीची पांढरी पूड दोन कागदांवर काढली. रोग असेल तर दुधानं ती जांभळी होते, असं सांगितलं. एकीवर शेजारच्या कडूबाच्या गायीचं दूध टाकलं. पूड पांढरीच राहिली. दुसरीवर या गायीचं टाकलं, ती जांभळी झाली. मला वाटलं, जिंकलो!

कसलं काय! दगडाबाई म्हातारी ओरडली, “आईनं रंग दावला गं!” आणि माझी जांभळी पूड लोकांनी चिमूटचिमूट कपाळाला लावली. मी कपाळावर हात मारून घेतला.

“डाक्टर, मला बी वाटतं सुई द्यावी,” आवडाबाई हळूच म्हणाली. “पर उद्या कुनाची म्हैस आटली तर गाव मला वाळीत टाकंल. एकल्या बाईनं कुठं जावं?”

भरलेली सुई हातात, आणि गायीपुढं चार बाप्ये आडवे. परत फिरलो. आजही त्याची लाज वाटते.

उपासाच्या सातव्या दिवशी गाय मेली. “आई आपल्या ठिकाणी गेली,” बुवा म्हणाला. वासरू दोन दिवस ओरडत होतं.

दिवाळीनंतर बुवा दवाखान्याच्या मागल्या दारानं आला. “डाक्टर, माही गाय व्याली. चारा खाईना. तोंडाला त्यो वास येतोय.”

“मग नारळ फोडा की!”

“चेष्टा नका करू. ती लाल सुई द्या. पर गावात बोलू नका.”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण गायीनं काय पाप केलं होतं? ग्लुकोज दिलं, सुई दिली. तिसऱ्या दिवशी गाय कडबा खाऊ लागली, आणि बुवानं गावभर सांगितलं, अंगाऱ्यानं गुण आला!

आठवड्यानं आवडाबाई आली. बुवाच्या उकिरड्यावर सापडलेली रिकामी बाटली तिनं टेबलावर ठेवली. तळाशी लाल थेंब होता.

“ह्यीच का ती?”

“हीच.”

“मंग त्याच्या गायीच्या अंगात देवी नव्हती आली?”

तिनं बाटली पुन्हा उचलली, पदरात बांधली. “चावडीवर ठिवते. आता भ्यायला गोठ्यात हाय काय माझ्या?”

तिनं ठेवली, आणि कुणाच्या उकिरड्यावर सापडली तेही सांगितलं. काहींनी माना खाली घातल्या. बाकीचे अजून अंगारा नेतात.

म्हणून हात जोडून सांगतो. गाभण गायीची पेंड तोडू नका. व्यालेल्या गायीनं चारा सोडला, तोंडाला गोड वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. नारळ फोडायचाच असेल, तर ती वैरण खायला लागल्यावर फोडा.