हे सारं अध्यक्षांमुळं

अमेरिकेले जायचं होतं मले. लपवून काय करू? मंगरूळपीरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता तो एकच ध्यास लागला होता. तिकडं जो राबते त्याचंच नाव कामावर लागते, असं कोणीतरी सांगितलं होतं, अन् म्या ते खरं मानलं होतं.

राबलो तर मी कमी नाई. मानोऱ्यापासून इंझोरीपर्यंत पावसाळाभर वावरं तुडवली. टारफुला नावाचं एक तण ज्वारीच्या मुळाले चिकटून तिचाच रस पिते. त्याले दाद न देणारं ज्वारीचं वाण मी शोधत होतो. माही बायको मनकर्णा चिडे, "चिखल तरी धुऊन या. मास्तर हा तुमी का सालदार?"

चौऱ्याहत्तर साली दसऱ्याच्या सुमारास अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाचे प्रोफेसर कार्लसन आमचं काम पाहाले आले. पसंत पडलं तर एका माणसाले ते तिकडं संशोधनाले नेणार होते. झालं! आमच्या संस्थेचे अध्यक्ष बबनराव, त्याईनं वावर दाखवायचं सोडून सत्कारच मांडला. फेटा, शाल, नारळ अन् भाषणं. अरे, किती बोलसान रे बाबांनो! साहेबाचं तोंड उन्हानं टमाट्यासारखं लाल झालं, तरी यांचं चालूच.

आमच्या संस्थेची रीत अशी, का बोलणाऱ्यानं पह्यले 'हे सारं अध्यक्षांमुळं' म्हणायचं. पोरगं मॅट्रिक पास झालं, अध्यक्षांमुळं. विहिरीले पाणी लागलं, अध्यक्षांमुळं. त्याले काही अर्थ नसते, हे बोलणाऱ्यालेही माहीत अन् ऐकणाऱ्यालेही.

शेवटी माही पाळी आली. प्राचार्य मारोतराव कानाशी लागले, "अध्यक्षाईचं नाव घ्या बरं. तुमची नोकरी पक्की व्हायची हाये अजून."

घेतलं नाव. इंग्रजीत, ठणठणीत आवाजात सांगितलं, का हे काम अध्यक्षांचंच, मी निमित्तमात्र. मंग पोटतिडकीनं टारफुल्याबद्दल सांगितलं. टाळ्या पडल्या.

साहेब उठला तो थेट बबनरावांकडं गेला. दोन्ही हातानं त्याईचा हात धरून म्हणाला, "असा प्रमुख म्या पाह्यला नाई. आमच्या डीननं उभ्या जन्मात चिखलात पाय टाकला नाई. तुमी या आमच्याकडं."

"काय म्हणून राह्यला रे?" बबनरावांनी मले विचारलं.

सांगा तर लागलंच, "तुमाले अमेरिकेले बोलावून राह्यला."

"मले? काहून?" बबनराव क्षणभर खरंच गोंधळले. मंग मिशीवर हात फिरवला. "येतो म्हणून सांग त्याले."

अन् म्या सांगितलं. माह्याच तोंडानं! अस्सा संताप आला, का मंडपाचे बांबू उपटून फेकावं वाटलं.

साहेब जीपकडं निघाला तसा धावलो त्याच्यामांगं. नोकरी गेली खड्ड्यात! म्हटलं, "सर, ते बोलायची रीत हाये आमच्याकडं. काम माहं हाये. अध्यक्षाईले टारफुला दाखवला तर ते त्याले फूल समजून खिशाले लावतीन."

साहेब हसला नाई. माह्या चपलेच्या चिखलाकडं पाहून हळूच म्हणाला, "मले माहीत हाये. तू बोलत होता तवाच समजलं."

"मंग?"

"आमाले इथं प्रयोगाले जमीन पायजे, अन् ती अध्यक्षांच्या हातात हाये." त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. "मन लावून काम कर. नावाचं मनाले लावून घेऊ नको. आमच्याकडं मीही वीस वर्षं प्रमुखाच्याच नावाखाली राबलो."

जीप गेली. धुरळा माह्या नाकातोंडात. मी तिथंच उभा, अन् आता कुठं जावं तेच समजेना.

मांगून बबनराव आले, फेटा सावरत. "काय म्हणत होता रे साहेब?"

"काई नाई," म्हटलं. "तुमचीच तारीफ करत होता."